विश्लेषण : बचाव पथक पोहोचेपर्यंत गावाने काय करायचे?

पूर असो, भूकंप असो की विहिरीतला अपघात, पहिला धावतो तो शेजारी. त्या शेजाऱ्याला तयार करणारी ‘आपदा मित्र’ योजना काय आहे, प्रशिक्षणात काय शिकवतात आणि जवळा बाजारसारख्या गावात असे पथक उभे राहायचे तर काय लागेल?

४ एप्रिल २०२५ ची सकाळ. वसमत तालुक्यातील गुंज गावच्या मजूर महिला ट्रॅक्टरमधून शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्याच्या हद्दीत, आलेगाव शिवारात तो ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात महिलांचा मृत्यू झाला. तिघांना बाहेर काढता आले.

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार आणि वसमत तालुका यांचे शेत-शिवार एकमेकांना लागलेले. हळदीच्या, सोयाबीनच्या रानात मजूर नेणाऱ्या अशा ट्रॉल्या या पट्ट्यात हंगामात रोज दिसतात. भरलेल्या विहिरीही जागोजागी आहेत. त्यामुळे ही घटना इथल्या कोणत्याही गावाच्या वाट्याला येऊ शकली असती.

पाण्यात बुडणाऱ्या माणसाचा श्वास थांबला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात तालुक्याहून गाडीही निघत नाही. त्या मिनिटांत जे करायचे ते बांधावरच्या माणसालाच करावे लागते. प्रश्न एवढाच, की त्याला काय करायचे ते ठाऊक आहे का? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय करायचे नाही ते ठाऊक आहे का?

पहिला मदतनीस शेजारीच का?

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल म्हणजे ‘एनडीआरएफ’ची महाराष्ट्रासाठीची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. राज्याच्या ‘एसडीआरएफ’च्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत. पावसाळ्यात काही पथके आधीच जिल्ह्यांत आणून ठेवली जातात, हे खरे. पण पुणे ते हिंगोली हे अंतर चारशे किलोमीटरहून अधिक. पूर आला असेल तर रस्तेही बंद. पथक कितीही तयारीचे असले, तरी त्याचा हिशेब तासांचा असतो आणि अडकलेल्या माणसाचा मिनिटांचा.

जगभरचा अनुभव हेच सांगतो. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे शहराला भूकंपाचा धक्का बसला. पडलेल्या घरांखाली सुमारे ३५ हजार लोक अडकले होते, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे २७ हजार जणांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढले. यंत्रसज्ज जपानची ही गोष्ट.

आपल्याकडे १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, पाऊस थांबत नव्हता, यंत्रे वर नेणे अशक्य होते. त्या रात्री अंधारात डोंगर चढून सर्वांत आधी पोहोचलेल्यांत खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’ आणि ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या गटांचे कार्यकर्ते होते. त्यांना डोंगर माहीत होता, वाट माहीत होती आणि दोर कसा वापरायचा तेही माहीत होते.

धाडस आहे, मग प्रशिक्षण कशाला?

गावात धाडसाची कमतरता नाही. ‘कोणी तरी बुडतंय’ अशी हाक आली की अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारणारे चार जण कुठल्याही गावात निघतात. अडचण तिथेच सुरू होते.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत मोठा भूकंप झाला. हजारो नागरिक हातांनी ढिगारे उपसायला धावले. त्यांनी सुमारे ८०० जणांना वाचवले. पण बचाव करताना यांतल्याच सुमारे १०० स्वयंसेवकांचा मृत्यू झाला. कोणती भिंत पुन्हा कोसळेल, कोणत्या पोकळीत शिरायचे नाही, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. या अनुभवावरून अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने त्याच वर्षी मोहल्ल्यामोहल्ल्यांतील नागरिकांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. पुढे तो कार्यक्रम अमेरिकाभर गेला. ‘आधी स्वतःला सुरक्षित ठेवा, मग इतरांना वाचवा’ हे त्याचे सूत्र आहे.

महाराष्ट्राने हा धडा ब्रह्मनाळमध्ये घेतला. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्याच्या या गावात पुरात अडकलेल्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, लाइफ जॅकेट नव्हते. डझनाहून अधिक जणांचा जीव गेला. ज्यांनी बोट पाण्यात घातली त्यांची कळकळ खरी होती. पण बोटीत किती माणसे घ्यायची आणि कधी ‘आता बस’ म्हणायचे, हे ठरवणारा कोणी नव्हता.

मराठवाड्यातील शेतकऱ्याला याचे आणखी जवळचे रूप माहीत आहे. विहिरीत मोटार दुरुस्तीला किंवा गाळ काढायला एक जण उतरतो आणि बेशुद्ध पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. वरच्यांना वाटते पाय घसरला असेल. प्रत्यक्षात खाली प्राणवायूच नसतो किंवा विहिरीत चालवलेल्या डिझेल इंजिनाचा विषारी धूर साचलेला असतो. एकाच्या अपघातात एकाच घरातले दोन-तीन जीव जातात.

प्रशिक्षणाचा खरा उपयोग इथे आहे. ते माणसाला धाडसी करण्यासाठी नसते. धाडस कुठे आवरायचे, हे शिकवण्यासाठी असते.

हिंगोली पट्ट्याला धास्ती कशाची?

भूकंप : २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्हा ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने हादरला. अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात होते. परभणी आणि नांदेडमध्येही लोक घराबाहेर पळाले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणाऱ्या आवाजांनी तर गेली काही वर्षे लोकांची झोप उडवली आहे.

४.५ तीव्रतेच्या धक्क्याने सहसा मोठी हानी होत नाही. पण मराठवाड्याला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. अनेकांचा जीव घेतला तो दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि त्यांवरच्या जड माळवदांनी. म्हणूनच २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनाने पत्र्याच्या घरांवर ठेवलेले दगड काढून घेण्याचे आवाहन केले होते. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला दगड धक्का बसताच डोक्यात पडतो.

पूर : पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणे आहेत. दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना सावध राहावे लागते. पण अलीकडे जास्त फटका बसतो तो नदीपेक्षा ओढ्यांचा. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पाणी शिरले. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात हसनाळ परिसराला रात्रीतून पाण्याने वेढले. जीवितहानी झाली आणि लष्कराची तुकडी बोलवावी लागली. दोन्हीकडे पाणी वाढायला फार वेळ लागला नाही.

वीज आणि साप : मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. पाऊस पडला की बिळात पाणी जाऊन साप बाहेर येतात. या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत संपतात, पण त्या दरवर्षी येतात.

रस्ता आणि गर्दी : परभणी-औंढा-हिंगोली हा वाहता रस्ता आहे. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे ठिकाण असल्याने महाशिवरात्रीला आणि श्रावणात तिथे मोठी गर्दी लोटते. अपघात आणि चेंगराचेंगरी यांसाठीही प्रशिक्षित माणसे लागतात.

‘आपदा मित्र’ योजना काय आहे?

२६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुराच्या आणि त्याआधीच्या त्सुनामीच्या पार्श्वभूमीवर, २००५ च्या अखेरीस केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. देशातील ३० पूरप्रवण जिल्ह्यांत प्रत्येकी २०० याप्रमाणे ६ हजार स्वयंसेवक तयार करायचे होते. २०२१ मध्ये तिची व्याप्ती वाढवून ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवकांचे लक्ष्य ठेवण्यात आले. त्यासाठी सुमारे ३६९ कोटी रुपयांची तरतूद होती.

त्यापुढचा टप्पा म्हणजे ‘युवा आपदा मित्र’. ३१५ जिल्ह्यांत एनसीसी, एनएसएस, नेहरू युवा केंद्र आणि भारत स्काउट्स अँड गाइड्स या चार संघटनांतील २ लाख ३७ हजार तरुण-तरुणींना प्रशिक्षण देण्याची ही योजना आहे. तिच्यासाठी सुमारे ४७० कोटी रुपये मंजूर झाले आहेत.

मूळ योजनेत १८ ते ४० वयोगटातील, किमान सातवी शिकलेल्या आणि शारीरिकदृष्ट्या सक्षम स्थानिक रहिवाशांची निवड होते. प्रशिक्षण बारा दिवसांचे. त्यानंतर प्रमाणपत्र, ओळखपत्र, ठरावीक मुदतीचा गट विमा आणि साहित्याची पिशवी मिळते. पिशवीत लाइफ जॅकेट, बॅटरी, हातमोजे, हेल्मेट, गमबूट, रेनकोट, शिटी, चाकू आणि प्रथमोपचार पेटी अशा वस्तू असतात. ही नोकरी नाही आणि पगारही नाही.

बारा दिवसांत काय शिकवतात?

पाण्यातून सुटका : पहिला नियम, पाण्यात उतरणे हा शेवटचा उपाय. आधी काठी किंवा बांबू पुढे करायचा. तो पोहोचत नसेल तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकायची. मग तराफा किंवा बोट. हे सगळे थकल्यावर, स्वतःला दोर बांधून आणि जॅकेट घालूनच उतरायचे. बुडणारा माणूस मिळेल त्याला मिठी मारतो आणि पट्टीचा पोहणाराही त्यात बुडतो.

घरातल्या वस्तूंचा वापर : झाकण घट्ट लावलेले रिकामे ड्रम आणि कॅन, केळीचे खांब, ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब यांपासून तराफा करता येतो. बाज हे तयार स्ट्रेचर आहे. दोन काठ्या आणि एक सतरंजी किंवा घोंगडे यांचेही स्ट्रेचर होते. गाठी मात्र सरावानेच येतात. ओल्या दोराची चुकीची गाठ ऐन वेळी सुटते.

जीवनदायी दाब : बुडालेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे ही जुनी पद्धत घातक आहे. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाब द्यायचा. गती मिनिटाला १०० ते १२०. दर ३० दाबांनंतर २ श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नाही, थकलात तर दुसऱ्याने हात घालायचा.

ढिगारा : भिंत पडल्यावर सगळ्यांनी एकदम चढायचे नाही. त्या वजनाने खालची पोकळी बंद होते. आधी शांतता करून हाका मारायच्या आणि कान देऊन ऐकायचे. कोण कुठे झोपते, हे शेजाऱ्याइतके कोणालाच माहीत नसते.

विहीर : दिवा किंवा कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत अर्धीच उपयोगाची. दिवा विझला तर उतरायचे नाही, हे पक्के. पण दिवा तेवत राहिला म्हणजे हवा चांगली, असे नाही. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू दिव्याने कळत नाही, वासानेही कळत नाही. खालचा माणूस अचानक बेशुद्ध पडला, तर कोणीही मागे उतरायचे नाही. अग्निशमन दलाला कळवायचे. म्हणूनच विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर हवा आणि त्याचे टोक वर दोघांच्या हातात.

साप आणि वीज : सर्पदंश झाल्यावर चिरा देणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे, यांपैकी काहीही करायचे नाही. चावलेला अवयव हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्यायचे. वीज कडाडू लागली की झाडाखाली थांबायचे नाही. आडोसा नसेल तर पाय जुळवून, गुडघ्यांत डोके घालून उकिडवे बसायचे. जमिनीवर आडवे पडायचे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना देते.

जवळा बाजारसारख्या गावात पथक कसे उभे राहील?

बाजाराचे गाव असण्याचा इथे मोठा फायदा आहे. मार्केट यार्डातील हमाल शंभर किलोचे पोते कसे उचलायचे ते जाणतो. जखमी माणूस कसा उचलायचा हे त्याला लवकर शिकवता येते. ट्रॅक्टर, जेसीबी, जीप आणि त्यांचे चालक गावातच आहेत. वेल्डिंगवाला, मेकॅनिक, वायरमन, मेडिकल दुकानदार, ताडपत्री आणि दोर विकणारा, सगळे एका हाकेच्या अंतरावर आहेत. मंदिराचा आणि मशिदीचा लाऊडस्पीकर आहे. साहित्य आणि माणसे दोन्ही आहेत. हवा असतो तो मेळ.

त्यासाठी पाच गोष्टी कराव्या लागतील.

१. गल्लीवार गट : गावाचे भाग पाडून प्रत्येक भागात दहा-बारा जण. त्यांत कामे आधीच वाटलेली : निरोप देणारे, सुटका करणारे, प्रथमोपचार करणारे, निवारा आणि जेवणखाण पाहणारे. आणि एक जण असा, ज्याच्या ‘थांबा’ या शब्दापुढे कोणीही जाणार नाही.

२. माणसांची यादी : अंथरुणाला खिळलेले वृद्ध, दिव्यांग, गरोदर महिला, एकट्या राहणाऱ्या आजी. पाणी चढू लागल्यावर आधी कोणाच्या दाराशी जायचे, हे या यादीवरून ठरते. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांना ही घरे आधीच पाठ असतात.

३. वस्तूंची यादी : दोर कोणाकडे, शिडी कोणाकडे, ट्यूब आणि ड्रम कोणाकडे, जेसीबीचा चालक रात्री कुठे असतो. लाइफ जॅकेट, जाड दोर आणि बॅटऱ्या यांचा खर्च ग्रामपंचायत आपल्या विकास आराखड्यात धरू शकते. त्यासाठी ग्रामसभेत विषय मांडावा लागतो.

४. इशारा : व्हॉट्सॲप गट चांगला, पण वीज गेली आणि टॉवर बंद पडला की तो मुका होतो. लाऊडस्पीकर, भोंगा, शिटी यांपैकी एक खूण ठरलेली हवी आणि जमायची जागाही. राज्यातील अनेक गावांत वापरात असलेल्या ग्रामसुरक्षा यंत्रणेत एका फोनवरून साऱ्या गावाला ध्वनिमुद्रित निरोप जातो. तीही उपयोगी आहे.

५. सराव : वर्षातून किमान दोनदा. एक मृगाच्या आधी, दुसरा किल्लारीच्या आठवणीत ३० सप्टेंबरला. सराव न केलेले प्रशिक्षण दोन पावसाळ्यांत विसरले जाते.

पथकात महिला का हव्यात?

कागदावर पथक बनवताना गावातले तरुण पोरगे निवडले जातात. पण सोयगाय संपल्यावर त्यांतले कितीतरी पुण्याला कामाला जातात, काही उसाच्या तोडीला जातात. जे गावात असतात ते दिवसा रानात किंवा बाजारात असतात. सकाळी अकरा वाजता घराची भिंत पडली, तर गल्लीत कोण असते? घरातल्या बायका, म्हातारी माणसे आणि लेकरे.

शिवाय रानात जाणाऱ्या ट्रॉलीत बसलेल्याही बहुतेक महिलाच असतात. बचत गटांचे जाळे गावोगावी आहे, बैठकीचा दिवस ठरलेला आहे. त्या बैठकीत महिन्याला अर्धा तास छातीवरचा दाब, दोराची गाठ आणि स्ट्रेचर यांचा सराव झाला, तरी वर्षभरात मोठा फरक पडेल. बुडणाऱ्याकडे काठी किंवा लुगडे फेकायला पोहता येण्याची गरज नसते. माहिती आणि प्रसंगावधान पुरते.

योजनेच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा संख्येची. जिल्ह्यात काही शे स्वयंसेवक तयार झाले, तरी गावे त्याहून अधिक असतात. गावात एकच प्रशिक्षित माणूस असेल आणि तोच त्या दिवशी बाहेरगावी असेल, तर योजना त्या गावापुरती शून्य ठरते. म्हणून प्रशिक्षण घेऊन आलेल्याने आपल्या गल्लीतल्या दहा जणांना शिकवणे हाच पुढचा टप्पा असायला हवा.

दुसरी मर्यादा सातत्याची. बारा दिवस संपले, फोटो झाले, पिशवी मिळाली, की उजळणी कोणी घ्यायची? विम्याची मुदत संपल्यावर काय? पिशवीतल्या बॅटरीचे सेल कोणी बदलायचे? या साध्या प्रश्नांची उत्तरे जिल्हा पातळीवर ठरलेली नसतील, तर ‘आपदा मित्र’ ही फक्त एक यादी उरते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. स्वयंसेवक हा यंत्रणेला पर्याय नाही. ओढ्यावरचा ठेंगणा पूल उंच करणे, रस्त्याकडेच्या विहिरींना कठडे बांधणे, तालुक्याला अग्निशमन गाडी आणि दवाखान्यात सर्पदंशाची लस ठेवणे ही शासनाची आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची कामे आहेत. विहिरीला कठडा असेल तर दोर फेकायची वेळच येत नाही. पथक तयार झाले म्हणून ही मागणी सोडून देणे गावाला परवडणारे नाही. उलट कोणत्या विहिरी उघड्या आहेत आणि कोणता पूल बुडतो, याची यादी करून ग्रामसभेत ठेवणे हेही पथकाचेच काम मानायला हवे.

मदत करणाऱ्याला कायद्याचा त्रास होतो का?

रस्त्यावरच्या अपघातात लोक थांबत नाहीत, त्यामागे पोलीस ठाण्याच्या चकरांची भीती असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आले. चांगल्या हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्या मदतीसाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. हे कलम प्रत्येक गावच्या पथकाला माहीत असायला हवे.

आजच काय करता येईल?

• हे क्रमांक मोबाइलमध्ये घ्या : कोणत्याही आणीबाणीत ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राज्य नियंत्रण कक्ष १०७०, वीजतार तुटल्यास महावितरण १९१२.

• फोनवर आधी ठिकाण सांगा : गाव, शिवार, जवळची खूण. मग काय झाले आणि किती जण अडकले. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका.

• पत्र्यावरचे दगड उतरवा. पत्रा हूक आणि तारेने बांधा.

• पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. गुडघाभर वेगाचे पाणी माणसाला पाडते, दोन फूट पाणी जीपला उचलते.

• तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, कोणाला जाऊ देऊ नका. डीपीला स्वतः हात लावू नका.

• प्रशिक्षणासाठी तहसील कार्यालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करा. महाविद्यालयात असाल तर एनसीसी किंवा एनएसएसच्या प्रमुखांना ‘युवा आपदा मित्र’बद्दल विचारा.

• विहिरीवर एक जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम टांगून ठेवा.

या यादीतले शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे. ट्यूब जुनी चालते, दोर घरात असतो. पाय घसरून कोणी पाण्यात पडला आणि काठावर मदतीला एकटीच म्हातारी असली, तरी ती ट्यूब ढकलू शकते. तिला उडी मारावी लागत नाही. पडलेल्याचा जीव वाचण्याची शक्यता वाढते आणि तिचा जीव धोक्यात येत नाही.